तेओजेनच्या आईची खुर्ची

रविवार, ५ जून २०११

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मनातलं लिहायला ही वही दिली त्याला महिना झाला. आजवर तिच्यात फक्त वर्गाची हजेरी लिहिली. ती दोन पानं आता फाडली.

दुपारी तेओजेन आला. दारातच म्हणाला, "आई, माझं ठरलं."

"काय ठरलं?"

"लग्न. ओदेतशी. सहा ऑगस्टला मागणी. तिच्या घरी, किन्याम्बाच्या टेकडीवर."

मी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "तू पुढच्या रांगेत बसायचंस. आईच्या खुर्चीत."

मी हो म्हटलं. आई दुसरं काय म्हणणार?

तेओजेन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. बाईंना हे समजावून सांगावं लागलं होतं, कारण त्या राजधानीत शिकल्या. आमच्या विद्यापीठात चौऱ्याण्णवच्या संहारातून उरलेली आम्ही पोरं कुटुंबं करून राहायचो. दहा-अकरा जणांचं एक कुटुंब. मतदान करून त्यातूनच एक बाप आणि एक आई निवडायची, बाकीची मुलं. २००६ साली मी एकवीस वर्षांची होते. मला सात मतं पडली आणि मी नऊ मुलांची आई झाले. वियानी बाप झाला. त्यातली पाच मुलं माझ्याहून मोठी होती. कोणी आजारी पडलं तर रात्रभर बसणं, कोणी दारू प्यायलं तर ओरडणं, पदवीच्या दिवशी टाळ्या वाजवणं, ही माझी कामं. पाच वर्षं झाली. सगळे नोकरीला लागले, तरी आईच म्हणतात.

तेओजेन गेल्यावर मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

मंगळवार, १४ जून

चौथ्या तासाला मी फळ्यावर समीकरण लिहीत होते. मागच्या बाकावर मुलगे हसले. कशाला ते माहीत नाही. बहुधा माझ्या स्कर्टला खडू लागला होता. मला वळता आलं नाही. तास संपेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं, मी चिडले आहे. नंतर वर्गप्रमुख माफी मागायला आली. मी म्हटलं, "पुन्हा असं करू नका." असं म्हणजे कसं, ते तिने विचारलं नाही.

बायका हसल्या तर मला काही होत नाही. एकटा पुरुष हसला तरी नाही. पाच-सहा पुरुष बसलेले असावेत, एकाने गोष्ट सांगावी आणि बाकीचे हसावेत. तेवढंच.

आणि मागणी म्हणजे तेच. समोरासमोर दोन मंडप. एका बाजूला मुलाकडचे, दुसऱ्या बाजूला मुलीकडचे. दोन्हीकडचा एकेक बोलका म्हातारा उभा राहतो. टोमणे मारायचे, खोटं भांडण उकरायचं, दंड म्हणून दारूची घागर मागायची. तीन तास. जितकं हसू तितकी मागणी चांगली.

गेल्या वर्षी माझ्या नऊ मुलांतल्या लिबेराताच्या मागणीला मी तिन्ही तास स्वयंपाकाकडे होते. सगळे म्हणाले, आई किती राबते.

रविवार, १९ जून

बाईंना खुर्चीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाही म्हटलंस तर?"

मी म्हटलं, "खुर्ची रिकामी राहील. मग मुलीकडचा म्हातारा विचारणार. मुलाची आई कुठे आहे? तो त्याच्या बोलण्याचाच भाग असतो. मग तेओजेनला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल."

"आणि उत्तर काय आहे?"

ते मला माहीत आहे. त्याने मला २००७ साली सांगितलं. फक्त मला. मी ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

"म्हणजे तू बसलीस तर कुणी विचारणार नाही," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग तू सात आठवड्यांत काय करायचं ठरवलं आहेस?"



सोमवार, ४ जुलै

सुट्टी. सगळी माझ्या घरी जमली. वियानी राजधानीहून आला. आमच्यात म्हातारं कुणी नाही, म्हणून मुलाकडून तोच बोलणार. एकोणतीस वर्षांचा म्हातारा. त्याने कुणाची तरी काठी आणि हॅट आणली होती. लिबेराता मुलीकडचा म्हातारा झाली.

"कोण तुम्ही? आमच्या अंगणात वाट चुकलात का?"

"मुलगी मागायला आलोय."

"मुलगी? आमच्याकडे मुलगी नाही. होती, ती नन झाली."

"मग आम्ही मठात जाऊन मागू. मठाधिपतीण आमची मावशी लागते."

तेओजेन ओरडला, "अरे बाबा, मुद्द्यावर ये! तू असाच बोललास तर मी म्हातारा होईन."

"तू गप. नवरदेवाला तोंड नसतं."

सगळे खदखदून हसले. मी भांडी घेऊन मागच्या अंगणात गेले. स्वच्छ होती ती पुन्हा घासली. थोड्या वेळाने आत आले तर सगळे कुजबुजत सराव करत होते. वियानी तर नुसते ओठ हलवत होता. मी म्हटलं, "इतक्यात दमलात? असे बोललात तर मुलगी मिळायची नाही." लिबेराता म्हणाली, "घसा बसलाय, आई."

आजकालच्या मुलांना कसली चिकाटीच नाही.

रविवार, १० जुलै

ओदेतच्या घरी भेटायला गेलो. मी, वियानी, तेओजेन. बस वळणावर सोडते, पुढे अर्धा तास चढण. ज्वारी कापून झाली आहे. शेतं उघडी. मला ज्वारी कापलेली बरी वाटते, पलीकडचं दिसतं.

ओदेत शांत मुलगी आहे. नर्स आहे. तिचे वडील सुतार. चौऱ्याण्णव साली ते याच टेकडीवर होते. संहाराच्या खटल्यांसाठी भरलेल्या गावाच्या न्यायसभेत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. तेवढं तेओजेनने मला सांगितलं. तेवढंच त्यालाही माहीत आहे, आणि तेवढंच त्याने विचारलं.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मला वास आला. घरामागे केळ्यांची आढी घातली होती. खड्डा खणतात, पानं अंथरतात, केळी रचतात, वर पानं आणि माती. बाजूने धूर सोडतात. तीन-चार दिवसांत केळी पिकतात, मग दारू करतात. प्रत्येक घरात असतं ते. प्रत्येक घरात तोच वास.

मी फोन कानाला लावला आणि फाटकाबाहेर गेले. फोनवर कुणी नव्हतं. मी मुख्याध्यापकांशी बराच वेळ बोलले.

परत आले तेव्हा ओदेतच्या आईने गाडग्यात केळ्यांची दारू आणली होती. नळी घालून रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला, म्हणजे विष नाही हे पाहुण्याला कळावं, आणि गाडगं माझ्यापुढे केलं. मी बघतच राहिले. वियानी पटकन म्हणाला, "ती पिणार नाही. पेन्तेकोस्त पंथात गेलीये, दारू सोडलीये."

"अरेरे," ओदेतची आई म्हणाली. "कधीपासून?"

"ईस्टरपासून. गातेसुद्धा. फार वाईट गाते."

सगळे हसले, मला फँटाची बाटली मिळाली. परतीच्या वाटेवर मी वियानीला झापलं. "मी कॅथलिक आहे. होणाऱ्या व्याह्यांसमोर खोटं बोलायची काय गरज होती?"

"चुकलं," तो म्हणाला. कधी नव्हे ते लगेच चूक कबूल केली.

बुधवार, १३ जुलै

बाई म्हणाल्या, खड्ड्याचं लिही. कुणाला दाखवू नकोस, मलाही नको.

मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. ज्वारीतून चालत मी एका टेकडीवर आले. एक म्हातारी अंगणात वाल पाखडत होती. तिने मला पाहिलं. काही विचारलं नाही. हाताला धरून घरामागे नेलं आणि आढीच्या खड्ड्यात उतरवलं. वर काटक्या, पानं, माती. धुराचं भोक होतं, त्यातून श्वास घ्यायचा. धूर तिने सोडला नाही. अंधार पडल्यावर ती भाजलेलं रताळं टाकायची, कधी वाल. किती दिवस ते मला सांगता येत नाही. केळी हिरवी होती, मग पिकली, मग सडली.

संध्याकाळी पुरुष यायचे. खड्ड्याजवळच बाक होता. बसून प्यायचे. दिवसभर काय केलं ते सांगायचे. त्यांतला एक तिचा मुलगा होता. ती त्याला वाढायची, मला आवाज यायचा.

मी घाबरत होते ते हातातल्या कोयत्यांना नाही. ते दिसतच नव्हते. एकजण फार छान गोष्टी सांगायचा. दिवसभरातल्या नव्हे, इतर. मेंढपाळाच्या, पाद्रीबाबाच्या गाढवाच्या. बाकीचे पोट धरून हसायचे.

गाढवाच्या गोष्टीला मलाही हसू आलं.

आवाज झाला नाही. मी तोंडात माती कोंबली. पण हसू आलं होतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, १४ जुलै

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही.

एक राहिलं. एका सकाळी बराच वेळ कुठलाच आवाज नव्हता. मी वर आले. म्हातारी अंगणात माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्यामागून चालत गेले आणि रस्त्याला लागले. हाक मारली नाही. तिचं नाव मला माहीत नव्हतं, आजही नाही. टेकडी माहीत आहे. बस जाते तिकडे, दीड तास. सतरा वर्षांत मी गेले नाही.

का, ते बाईंनी विचारलं तर सांगता येणार नाही. वेळ मिळत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

गुरुवार, २८ जुलै

मला जमणार नाही. आज तेओजेनला सांगायला गेले. तो सरकारी पशुवैद्यकीय खात्यात आहे. गोठ्यात एका गाईच्या मागे उभा होता, कोपरापर्यंत रबरी मोजा.

"थांब आई, हिला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे."

हात धुऊन झाल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी लिबेराताला बसव खुर्चीत. ती उंच आहे, समारंभाचा मुशनाना नेसली की शोभते."

"लिबेराता माझी बहीण आहे. बहिणीला आई कशी करू? आम्ही काय सर्कस आहोत?"

"मग एखादी मावशी भाड्याने आण. हल्ली सगळे आणतात."

तो हसला नाही. "तुला काय झालंय?"

"शाळेचं काम आहे."

"सुट्टी आहे शाळेला."

गाईने शेपटी मारली, त्याच्या शर्टावर शेण उडालं, त्याने तिकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "हे बघ. तू मध्येच उठून गेलीस तरी चालेल. पण आधी बस. आधी बसलीस की ते मला विचारणार नाहीत. मला त्या दिवशी ते सांगायचं नाहीये. एक दिवस नाही सांगायचं."

"बरं," मी म्हटलं.

"नक्की?"

"आईला नक्की विचारतात का?"

घरी येऊन उलटी झाली. रताळ्यामुळे असेल.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

मुशनानाला इस्त्री केली. हिरवा आहे, खांद्यावरून सोडायचा पदर पिवळा. लिबेराता येऊन केस विंचरून गेली. म्हणाली, "तुझी खुर्ची मी कडेला ठेवायला सांगितलीये, मंडपाच्या खांबाशी. तिथून बाहेर पडायला बरं."

"कडेला? आईची खुर्ची मध्ये असते."

"मध्ये ऊन येतं."

मंडपात कसलं ऊन? पण मी वाद घातला नाही. मान ठेवायचा तर मुलांनाच कळायला हवं.

रविवार, ७ ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहिते.

अकराला पोचलो. आमच्या मंडपात आम्ही अकरा आणि तेओजेनचे कामावरचे काही लोक. समोर त्यांचे दीडशे. पुढच्या रांगेत ओदेतचे वडील, काके, मामे. हातात काठ्या, डोक्यावर हॅटी. मी खांबाशी बसले. माझ्या शेजारी लिबेराता, मागे तिचा नवरा. एक हात खांबाला लावून ठेवला.

मुलीकडून बोलायला लादिस्लास गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, बारीक अंग, मोठा आवाज. या जिल्ह्यात त्यांच्याशिवाय मागणी होत नाही म्हणतात. ते उभे राहिले आणि मंडप आधीच हसायला लागला.

"ही कोण तरणी पोरं आमच्या अंगणात? फुटबॉलची टीम आली का?"

वियानी उठला. हॅट काढली, वाकला. "गुरुजी, आम्ही मुलगी मागायला आलोय."

"अकरा जण? एक मुलगी? आम्हाला हिशेब शिकवता?"

हशा. पहिला. मी खांबाला नख रुतवलं. दुसरा हशा, तिसरा. लिबेराता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मला लघवीला जायचंय, सोबत येतेस?" मी मानेनेच नाही म्हटलं. तिला कळायला हवं होतं की आईला असं उठता येत नाही.

तेओजेन आमच्याच रांगेत मधोमध बसला होता, पांढऱ्या कपड्यात. मी त्याच्या कानांकडे बघत राहिले. कान लाल झाले होते.

तासभर असं गेलं. मग खोट्या भांडणाची वेळ आली. हे सगळ्या मागण्यांत होतं. मुलीकडचा म्हातारा एक जुनी तक्रार काढतो, तुमच्या आज्याने आमची कोंबडी चोरली वगैरे. मुलाकडच्याने माफी मागायची, घागरभर दारूचा दंड कबूल करायचा, आणि पुढे जायचं. वियानीने कोंबडीवर तीन उत्तरं तयार केली होती.

गुरुजींनी आवाज खाली आणला. "मुलगी देऊ. पण एक जुनं दुखणं आहे. खूप वर्षांमागे तुमच्याकडचं एक पोर आमच्या टेकडीवर आलं होतं. दमलेलं, भुकेलेलं. आमच्या घराने त्याला आत घेतलं. ते आमच्याकडे राहिलं, आमचं खाल्लं. आणि एक दिवस उठून निघून गेलं. निरोप नाही. आभार नाही. वळून पाहिलंसुद्धा नाही. सांगा मंडळी, अशा कुळात मुलगी द्यायची?"

समोरचे दीडशे हसत म्हणाले, "नाही, नाही!"

आमच्या मंडपात कुणी हललं नाही. वियानीच्या हातात कागद होता, तो वाजत होता. बारा वर्षांचा असताना वियानी एका शिंप्याच्या माळ्यावर राहिला होता. लिबेराता दलदलीकाठी एका कुटुंबात. तेओजेन तीन घरांत, तिसऱ्याने हाकललं. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच विचारताहेत.

समोरचे वाट बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. "उत्तर! उत्तर!" वियानीने तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे इकडेतिकडे बघू लागले. काय बिघडलं ते त्यांना कळेना. ओदेतचे वडील खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आता आणखी थोडा वेळ गेला असता तर मागणी मोडली असती.

मी उठले. बाहेर जायलाच उठले, हे इथे लिहून ठेवते. खांब सोडला आणि पाय बाहेरच्या बाजूला टाकला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेओजेननेही. आणि मी म्हटलं, "ते पोर मी."

मागणीत बायका बोलत नाहीत. आईने तर श्वासही जपून घ्यायचा.

गुरुजी वळले. "काय म्हणालीस, पोरी?"

"ते पोर मी होते. नऊ वर्षांची. तुमच्या घरात राहिले, तुमचं खाल्लं आणि न सांगता गेले."

समोर हशा फुटला. त्यांना वाटलं, काय हजरजबाबी बाई आहे. गुरुजींचा चेहरा उजळला. "शेवटी एक कबूल करणारं कूळ भेटलं! काय खाल्लंस?"

"रताळी. वाल."

"किती?"

"मोजले नाहीत. अंधार होता."

लोक मांड्या थोपटायला लागले. "आणि प्यायलीस काय?"

"काही नाही. वर पुरुष पीत होते."

पुढच्या रांगेतले म्हातारे हसून हसून वाकले. दीडशे लोक हसत होते, आणि माझ्यामुळे हसत होते. मी त्या हसण्याच्या मध्ये उभी होते. त्याखाली नव्हते. मागे लिबेराता रडत होती, मला आवाज येत होता. पण माझे पाय थरथरत नव्हते, हे मला आठवतं, कारण मी खाली बघून खात्री केली.

"निरोप का घेतला नाहीस?" गुरुजींनी विचारलं. ते रंगात आले होते.

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. तोंडातून आलं. "तिने वळून पाहिलं असतं तर मी गेले नसते. आणि राहिले असते तर तुमच्या घरावर संकट आलं असतं. म्हणून मी हाक मारली नाही. पण मारायला हवी होती. मला क्षमा करा."

या वेळी थोडेच हसले. ओदेतचे वडील वर बघत होते.

"क्षमा केली!" गुरुजी गरजले. "दंड, एक घागर. आणि पहिला घोट गुन्हेगाराचा!"

वियानी म्हणाला, "गुरुजी, ती पेन्तेकोस्त..."

मी घागरीशी गेले. नळी तोंडात धरली. आंबट, कोमट. मी घोट गिळला आणि परत येऊन बसले. पाच मिनिटांनी मंडपामागे जाऊन सगळं ओकले. तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसले. कुणी काही विचारलं नाही. शेवटी ओदेतला बाहेर आणलं, ती वाकून मला भेटली, तेव्हा मी खुर्चीत होते.

बसमध्ये मुलं गात होती. मी खिडकीला डोकं टेकलं. तेओजेन मागून पुढे आला आणि म्हणाला, "आई, तुला कधीपासून माहीत होतं की तू बोलणार?"

"मी जायला उठले होते."

"ते दिसलं," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी पाय मागे घेतले होते, तुला वाट मिळावी म्हणून."

मला वाटलं होतं, मंडपात जागा जास्त आहे.

गुरुवार, ११ ऑगस्ट

सकाळी लादिस्लास गुरुजी घरी आले. पत्ता शाळेतून काढला म्हणाले. हॅट काढून हातात घेतली. मी बाहेर अंगणात बाक दिला.

"पोरी, चाळीस वर्षं मी मागण्या करतोय. असं उत्तर मिळालं नाही. कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी नाही."

"माझ्या पुतण्याची मागणी आहे वीस तारखेला. मुलाकडून तू बोल. बाई बोलली तर लोक वर्षभर विसरणार नाहीत. रताळ्यांचं तेच सांग. इतकं खरं वाटलं की माझी बायको घरी येऊन रडली."

"गुरुजी, ते खरंच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोडं हसू राहिलं होतं, ते हळूहळू गेलं.

"कुठली टेकडी?"

मी सांगितली.

"साल?"

ते मी सांगितलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघून हिशेब करत होते. सव्वीस वर्षांची बाई, नऊ वर्षांचं पोर.

बराच वेळ त्यांनी हॅट फिरवली. मग म्हणाले, "हे वाक्य माझ्या वडिलांचं. ते मागण्यांत म्हणायचे, त्यांच्यामागे मी. लोक नेहमी हसतात. चौऱ्याण्णवनंतरही मी तेच म्हणत आलो. या वर्षीच सव्वीस मंडपांत म्हटलं."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"प्रत्येक मंडपात एखादं तरी पोर बसलेलं असणार," ते म्हणाले. "मी हसत पुढे गेलो. कुणी उठलं नाही, म्हणून मला वाटलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "काढून टाकतो. कोंबडीचं सांगत जाईन. कोंबडी बरी."

मला त्यांची दया आली. आणि कोंबडीचं ऐकून मला राग आला, का ते माहीत नाही.

"काढू नका," मी म्हटलं. "सांगत जा. फक्त सांगून झालं की थोडं थांबत जा. कुणाला उठायचं असेल."

"किती थांबू?"

"एक घोट पाणी प्या तेवढ्यात."

मी आतून पेला आणून दिला. गुरुजींना सरावाशिवाय काही करवत नाही. ते उठले, काठी टेकली, माझ्या रिकाम्या अंगणाकडे तोंड केलं आणि पूर्ण आवाजात म्हणाले, "तुमच्याकडचं एक पोर आमच्या टेकडीवर आलं होतं." निरोप नाही, आभार नाही, शेवटपर्यंत. मग पेला तोंडाला लावला. घोट गिळलेला मला दिसला. पेला खाली घेतला, तरी ते पुढचं बोलले नाहीत.

आम्ही दोघं थांबलो.